गुरुवार विभागाचे मारुतराव

मारुतराव येळवंडे निघोज्याचे. गिअर बनवणाऱ्या कंपनीत एकतीस वर्षं, त्यातली तीस पर्मनंट. गावात घर, नदीकाठाला थोडी जमीन, आणि वडील धर्माजींनी शेताच्या कडेला ओळीनं बांधलेल्या अकरा खोल्या, ज्यांत चाकणच्या कारखान्यांत कामाला आलेली बाहेरगावची पोरं राहत. लोकांनी हेवा करावा अशी ही परिस्थिती. पण हेवा करायचं कामही मारुतरावांनी स्वतःकडेच घेतलं होतं, आणि तोही त्या अकरांपैकी सातव्या खोलीत राहिलेल्या माणसाचा.

या हेव्याचा इतिहास आणि गुरुवार विभागाचा इतिहास साधारण एकच आहे, म्हणून आधी विभागाकडे वळू.

कधीकाळी विजेची टंचाई होती तेव्हा या पट्ट्यातल्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्ट्या वाटून दिलेल्या होत्या. पिंपरी-आकुर्डीकडच्या मोठ्या कंपन्यांच्या वाट्याला रविवार आला, भोसरी-मोशी-चाकणकडच्या बहुतेकांना गुरुवार मिळाला. पुढे टंचाई गेली, गुरुवार राहिला. शहाण्णव साली काही हौशी मॅनेजर मंडळींनी कंपन्यांची फुटबॉल लीग काढली, तेव्हा अडचण अशी आली की निम्म्या संघांना सुट्टी असे त्या दिवशी उरलेले निम्मे मशीनवर असत. मग लीगचे दोन विभाग पडले. इतर ठिकाणी असे विभाग नकाशा बघून पाडतात, इथं ते सुट्टीच्या तक्त्यावरून पडले: रविवार विभाग आणि गुरुवार विभाग. दोघांतल्या विजेत्यांचा अंतिम सामना एक मे रोजी होई, कारण वर्षात दोघांना एकदम सुट्टी असणारा बरा दिवस तोच.

रविवारवाल्यांकडे देहूरोडची पोरं होती. लष्कराच्या मैदानांवर वाढलेली, बूट बांधून खेळणारी. गुरुवारवाल्यांकडे उपास होता. निम्मा संघ दत्ताचा नाहीतर साईबाबांचा गुरुवार धरी, आणि हाफटाइमला लिंबूपाण्याबरोबर साबुदाण्याची खिचडी येई. "उपासवाले आले रं, जपून खेळा, चक्कर येऊन पडत्याल," असं एक मेला पलीकडून ओरडत. पहिले सहा अंतिम सामने गुरुवार विभाग हरला, त्यामुळे या म्हणण्याला उत्तर देणं अवघड होतं.

संघांना कंपन्यांची नावं होती, पण ती कोणी घेत नसे. गिअरवाले, स्प्रिंगवाले, काचवाले, रबरवाले, असंच चाले. आणि खेळाडूंचीही नावं नव्हती. कंपन्या खेळाडूंची यादी टोकन नंबरानं पाठवत, रेफ्री टोकन नंबरानं गोल सांगे, आणि विभागाचे चिटणीस म्हणून मारुतराव तो नंबर रजिस्टरात लिहीत. अशी रजिस्टरं सतरा झाली. ती सगळी त्यांच्या घरी, गोदरेजच्या कपाटात, मंजुळाबाईंच्या पैठणीच्या खालच्या कप्प्यात होती.

आता टोकन नंबराची गंमत अशी, की पर्मनंट माणसाला तो एकदाच मिळतो आणि रिटायर होईपर्यंत चिकटून राहतो. मारुतरावांचा ५१४. टेंपररी माणसाचं तसं नसे. त्याला सात महिन्यांसाठी घेत, मग ब्रेक देत, कारण जास्त दिवस ठेवलं तर तो पर्मनंटवर हक्क सांगेल. ब्रेक मिळालेला माणूस दुसऱ्या गेटवर जाऊन उभा राही, तिथं नवा नंबर घेई, पुन्हा सात महिने. कुणीकुणी चुलतभावाच्या कागदांवरही आत जात. लीगचा हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल, म्हणजे बरोबर एका टेंपररीच्या आयुष्याएवढा होता.

अठ्ठ्याण्णव साली धाराशिवकडून रणजीत लोमटे नावाचा वीस वर्षांचा पोरगा आला आणि सातव्या खोलीत राहिला. त्याच्याजवळ एक पत्र्याची पेटी होती आणि एक चेंडू होता. पहिल्याच गुरुवारी तो स्प्रिंगवाल्यांकडून खेळला. मारुतराव गिअरवाल्यांचे कप्तान. कप्तान पर्मनंट माणूसच व्हायचा, हा अलिखित नियम. रणजीतनं तीन गोल केले. तिसऱ्या वेळी तो मारुतरावांच्या बाजूनं असा निघून गेला, की मारुतराव मागे वळेपर्यंत लोक टाळ्या वाजवून थांबलेसुद्धा होते.

"कुठं शिकलास रं?" मारुतरावांनी संध्याकाळी विचारलं.

"शिकलो नाय दादा. आमच्याकडं ढेकळात खेळायचो. हितं मैदान सपाट हाय, सोपं जायलंय."

हे उत्तर त्यांना पुढची कित्येक वर्षं पुरलं. एखाद्यानं कष्ट करून मिळवलेलं असतं तर गोष्ट वेगळी होती. त्याला निदान दमलेला तरी बघता आला असता.

मारुतरावांच्या आई तानाबाई ताटात वाढलेली भाकरी झाकून सातव्या खोलीकडे पाठवू लागल्या. "त्ये पोरगं पळतंय किती, त्याला नको का?" त्या म्हणत. मारुतरावही पळत होते, पण ते घरचेच होते. बाकी दहा खोल्यांतलीही पोरं कामाला जात, येत, जेवत. त्यांची नावं तानाबाईंना शेवटपर्यंत पाठ झाली नाहीत. मारुतरावांचं लग्न झालं. मंजुळाबाई दोन हजार तीन सालच्या एक मेला पहिल्यांदा सामना बघायला आल्या. त्याच दिवशी गुरुवार विभाग पहिल्यांदा जिंकला, दोन-शून्य, दोन्ही रणजीतचे; त्या हंगामात तो गिअरवाल्यांकडे होता. मंजुळाबाईंना फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, तरी दुसऱ्या गोलाला त्या पदर खोचून उभ्या राहिल्या. घरी येताना म्हणाल्या, "त्यो शेवटचा कसला भारी व्हता ओ!" मारुतराव त्या सामन्यात नव्वद मिनिटं खेळले होते. पैकी एकही मिनिट भारी निघालं नाही.

ज्याच्याकडे घर, जमीन, पर्मनंटचं पत्र आहे त्यानं, दर सात महिन्यांनी पेटी उचलून नव्या गेटवर उभं राहणाऱ्या माणसाचा मत्सर करावा, हे मारुतरावांच्या बुद्धीलाही पटत नसे. पण मत्सराला बुद्धीची परवानगी लागत नाही. तो बाकीच्या कामांच्या मधल्या वेळात होतो, शिफ्टला जाता-येता, दाढी करताना.

एकदा, दोन हजार चार साली, रणजीत पुन्हा गिअरवाल्यांकडे असताना, कंपनीच्या मॅनेजरनं त्यांना केबिनमध्ये बोलावून विचारलं होतं, "त्या लोमटेला आपल्याकडे कायम घ्यावं म्हणतोय मी. खेळ सोड, कामाला कसा आहे?" मारुतराव म्हणाले, "कामाचं मला ठाऊक न्हाई, साहेब. दुसऱ्या डिपार्टमेंटला हाय." यात एक अक्षर खोटं नव्हतं. रणजीतला ब्रेक मिळाला आणि तो रबरवाल्यांच्या गेटवर गेला. त्या बोलण्याची मारुतरावांना पुढे फार आठवण येई असं नाही. येई तेव्हा ते उठून पंख्याचा स्पीड वाढवत.

नऊ हंगामांनंतर रणजीतचा गुडघा गेला. खोली सोडून तो देहूरोडला बिऱ्हाड करून राहिला, सेकंडहँड छोटा हत्ती टेंपो घेतला आणि चाकणच्या तळेगाव चौकातल्या स्टँडवर उभा राहू लागला. मारुतरावही बूट काढून फक्त चिटणीस उरले. हेवा मात्र चालूच राहिला.

दोन वर्षांपूर्वी लीग व्यावसायिक झाली. पैसेवाले आले, संघांना वाघ, गरुड अशी नावं मिळाली, मैदानावर दिवे लागले, खेळाडूंशी करार होऊ लागले. करार ऑक्टोबर ते एप्रिल, सात महिन्यांचा असतो. आता त्याला ब्रेक म्हणत नाहीत, ऑफ-सीझन म्हणतात. दोन विभाग मात्र जुन्याच नावांनी राहिले, कारण मार्केटिंगवाल्यांना ती नावं फार आवडली. गुरुवार विभागाचे सामने सध्या शनिवारी होतात.

लीगचं ऑफिस पुनावळ्यात, हायवेला लागून, काचेच्या इमारतीत आहे. तिथली दिव्या म्हणून एक मुलगी गेल्या वर्षी मारुतरावांना फोन करून म्हणाली, "काका, आपल्याला तिसाव्या हंगामाला पुस्तक काढायचंय. दोन्ही विभागांचा इतिहास. रविवारचं काम झालं, त्यांच्याकडे सगळं टाइप केलेलं होतं. गुरुवारचं तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नाही म्हणतात."

असं वाक्य मारुतरावांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांनी सतरा रजिस्टरं बाहेर काढली, मुलाची जुनी वही घेतली आणि दोन महिने लिहीत बसले. चांगलं लिहिलं. सुट्टीचा तक्ता, खिचडी, पहिले सहा पराभव, दोन हजार तीनचा विजय, सगळं आलं. विजयाच्या पानावर त्यांनी लिहिलं, "बावन्नाव्या आणि एकाहत्तराव्या मिनिटाला गोल झाले." ऊन पडावं, वारा सुटावा, तसे ते झाले होते.

शेवटच्या पानावर दिव्याला यादी हवी होती. सर्वाधिक गोल करणारे पहिले आठ. पानात आठच ओळी बसत होत्या. आणि दरवर्षी गुरुवार विभागात सगळ्यात जास्त गोल करणाऱ्याला जो चषक मिळणार, त्याला या यादीतल्या पहिल्याचं नाव द्यायचं असं वर ठरलं होतं.

मारुतरावांनी रजिस्टरं मांडून बेरजा केल्या. टोकन नंबर ५१४, चौदा हंगाम, एक्केचाळीस गोल. दुसऱ्या नंबरला एक स्प्रिंगवाले पर्मनंट, बत्तीस. मग अठ्ठावीस. मग २३०७, चोवीस. त्यांनी पुन्हा केल्या. उत्तर तेच आलं. कारण टेंपररी माणूस एका नंबरावर एकच हंगाम खेळे. कितीही मोठा असला तरी त्याचा आकडा सात महिन्यांचाच राही. रजिस्टरात कोणत्याच पानावर रणजीत लोमटे नव्हता. नऊ वेगवेगळे नंबर होते, २३०७ हा त्यांतलाच एक. ते नऊही एकाच माणसाचे, हे सांगू शकणारा माणूस पृथ्वीवर एकच होता, आणि तो हातात पेन्सिल घेऊन बसला होता.

पुनावळ्याला वही घेऊन गेले, तेव्हा दिव्या शेवटचं पान बघून उडालीच. "अय्या काका! पहिले तुम्हीच? सांगितलं नाहीत!"

"त्यात काय सांगायचं," मारुतराव म्हणाले. एक्केचाळीसपैकी सव्वीस पेनल्टी होत्या, कारण पेनल्टी कप्तान घेई आणि कप्तान पर्मनंट असे. त्यातही काय सांगायचं?

"आणि हे चोवीसवाले, २३०७? नाव?"

"टेंपररी व्हता."

दिव्यानं लिहिलं: नाव उपलब्ध नाही.

घरी येऊन त्यांनी मंजुळाबाईंना सांगितलं की चषकाला आपलं नाव लागणार, मारुतराव येळवंडे चषक. मंजुळाबाई शेंगा सोलत होत्या. सोलायच्या थांबल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आन् रणजीत?"

"रजिस्टरात न्हाई त्याचं नाव."

"रजिस्टर कुणी लिव्हलंय?"

हा प्रश्न घेऊन मारुतराव पुढच्या गुरुवारी गाडी काढून तळेगाव चौकात गेले. पडताळणी करायला चाललो आहोत, असं ते स्वतःला सांगत होते. खरं तर रणजीत आरडाओरडा करील का, एवढंच त्यांना बघायचं होतं. आणि तळाशी, अगदी तळाशी, त्यानं थोडा तरी करावा अशी इच्छा होती.

रणजीत टेंपोच्या फाळक्यावर बसून केळं खात होता. सत्तेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला. मारुतरावांना बघून उडी मारून उतरला, गुडघ्याला हात लावून "आई गं" म्हणाला आणि हसला.

"दादा! माल न्यायचाय का कुठं?"

"न्हाई. लीगचा इतिहास छापत्यात. त्याचं इचारायचं व्हतं."

"आपला बी इतिहास हाय व्हय?"

"त्यात गोलांची यादी हाय. रजिस्टरपरमानं माझं नाव सगळ्यात वर येतंय." मारुतराव थांबले. रणजीत ऐकत होता. "टेंपररीचे नंबर दर साली बदलायचे. तुझे नऊ हायेत. ते येगयेगळे पडलेत."

"आसूद्या की."

"आसूद्या म्हंजे?"

"म्हंजे छापा. मला निम्म्या कंपन्यांची नावं बी आठवनात, नंबर कुठं धरून बसू?"

"गोल तरी किती केलेस, ठावं हाय का?"

रणजीतनं केळ्याची साल टाकली आणि प्रामाणिकपणे विचार केला. "आसतील चाळीसेक."

एकशे अडतीस होते. मारुतरावांना ते हंगामवार, संघवार, उजव्या पायाचे आणि डाव्या पायाचे वेगळे करून पाठ होते. आणि ज्याचे होते तो चाळीसेक म्हणत होता. एवढ्यावर थांबता तरी बरं. पण रणजीतनं स्टँडवरच्या सगळ्यांना हाक मारली. "ए, इकडं या रे! आमच्या दादांचं नाव कपाला लागायलंय! गुरुवार इभागात सगळ्यात जास्त गोल! चहा सांगा."

चार ड्रायव्हर जमले. त्यांतला कोंडाजी एके काळी रबरवाल्यांचा गोलकीपर होता. त्यानं मारुतरावांना वरून खाली पाहिलं. "पेनल्टीवाले मारुतराव ना? मला सात मारल्यात यांनी. साती उजव्या अंगाला. पर मीच येडा, दर टायमाला डावीकडं उडायचो."

"आरं, उजवीकडं मारायला बी डोकं लागतं, भावा," दुसरा म्हणाला.

"व्हय, सात येळा तेच कराया लईच डोकं लागतं."

सगळे हसले. रणजीतही हसला, पण मग त्यानं कोंडाजीच्या पाठीत थाप मारली. "गप रं. गोल तो गोल. पेनल्टीला समोर उभं राहायला मला भ्या वाटायचं, मी कदी घेतली न्हाई. दादा घ्यायचे."

म्हणजे बाजूही त्यानंच घेतली. चहाही त्यानंच पाजला. मारुतराव ग्लास हातात धरून उभे राहिले. दुसऱ्याचं काही घ्यावं आणि त्याला गेल्याचं कळूही नये, वर त्यानं पिशवीत भरून द्यावं, याच्यात कसली मजा? पुढची तीस वर्षं त्या चषकावर आपलं नाव राहील आणि दरवर्षी हा माणूस पहिल्या रांगेत बसून मनापासून टाळ्या वाजवील, हे त्यांना स्पष्ट दिसलं.

तेव्हा मारुतरावांना प्रामाणिकपणाचा झटका आला, असं म्हणता येणार नाही. चहा संपवून ते थेट घरी आले, नऊ नंबर एका ओळीत मांडले, पुढे रणजीत लोमटे असं नाव लिहिलं आणि १३८. त्याच्याखाली मारुतराव येळवंडे, ४१. दुसरा नंबर वाईट नसतो. एकशे अडतीसवाल्याच्या मागं दुसरा, हे तर उलट भारदस्त दिसतं, आणि मुख्य म्हणजे ते कुणी दिलेलं नसतं.

दिव्यानं हा बदल वाचला आणि ती गंभीर झाली. "काका, हे फार मोठं केलंत तुम्ही."

"जे हाय ते हाय," मारुतराव म्हणाले. त्यांना बरं वाटू लागलं होतं.

"पण मग हा नियम सगळ्यांना लावावा लागेल ना?"

"कुठला नियम?"

"नंबर एकत्र करायचा. एकट्या लोमटेकाकांचे केले तर बाकीचे टेंपररी म्हणतील, आमचं काय? मी ग्रुपवर टाकते. जे जे वेगवेगळ्या नंबरांवर खेळलेत, त्यांनी तुमच्याकडे यावं. ओळखणारे तुम्हीच आहात."

मारुतरावांनी या बाजूनं विचार केला नव्हता. पर्मनंट माणूस असा विचार करत नाही. त्याच्या लेखी टेंपररी म्हणजे एकटा रणजीत होता, बाकी नुसती गर्दी.

पुढचे तीन गुरुवार ती गर्दी येळवंड्यांच्या अंगणात आली. कुणी पिंपळे गुरवहून, कुणी मोशीहून. कुणी जुना गेटपास लॅमिनेट करून जपलेला, कुणी नुसताच नंबर पाठ असलेला. मारुतराव खाटेवर रजिस्टरं पसरून बसत. काम त्यांनी चोख केलं, त्यात खोट काढता येणार नाही. एकानं दोन हजार एकचा एक गोल सांगितला, तर मारुतराव म्हणाले, "त्यो त्यांच्याच बॅकच्या ढुंगणाला लागून गेलता. तू चपलेचा अंगठा शोधत व्हतास." माणूस लाजला. पण बहुतेकांचे खरे निघाले. सहा नंबरांचे मिळून चौपन्न. पाचांचे सत्तेचाळीस. प्रत्येक बेरीज मारुतराव स्वतःच्या हातानं करत आणि स्वतःचं नाव खोडून एक ओळ खाली लिहीत.

"आज कितवं?" मंजुळाबाई चहाचा ट्रे घेऊन येताना विचारत.

"पाचवा," ते पहिल्या गुरुवारी म्हणाले. दुसऱ्या गुरुवारी, "सातवा." तिसऱ्या गुरुवारी दुपारपर्यंत ते आठव्या ओळीवर आले होते आणि अंगण रिकामं झालं होतं. दिव्यानं पान संध्याकाळी छपाईला पाठवायचं ठरवलं होतं. पहिला नंबर सोडताना त्यांना जेवढं वाटलं नव्हतं, तेवढं आता या आठव्याबद्दल वाटू लागलं. आठवा म्हणजे शेवटची ओळ. त्याच्याखाली कागदाची कड होती.

चार वाजता फाटकाशी छोटा हत्ती थांबला. रणजीत उतरला. दुसऱ्या बाजूनं चिमाजी उतरला, रबरवाल्यांकडून खेळायचा तो, ठेंगणा, आता पिंपळे गुरवला एका सोसायटीत वॉचमन. अंगावर युनिफॉर्म तसाच होता.

"याला बस मिळंना, म्हणून मी आणला," रणजीत म्हणाला. "बगा दादा, याचे बी नंबर हायेत."

चिमाजीचे सहा नंबर होते. मारुतरावांनी एकेक काढला. सगळे बरोबर. बेरीज एक्केचाळीस.

"बरोबरीत झालं," मारुतराव म्हणाले. "बरोबरी असली की ज्याचा नंबर एकच राहिला, त्यो वर."

"ह्यो नियम कदी झाला?" चिमाजीनं विचारलं.

"पयल्यापासून हाय."

"पयल्यापासून आसता तर मला ठावं नसता का, राव? मी बी पयल्यापासून हाय."

"तुमाला टेंपररीला कोन सांगनार नियम?"

मंजुळाबाई ट्रे घेऊन दारात उभ्या राहिल्या. चिमाजीनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "ऱ्हाऊद्या," तो म्हणाला. "माझ्या नातीला दावलं असतं, एवढंच. तिला वाटतं मी उगा थापा मारतो."

"एक मिनिट," रणजीत म्हणाला. "दादा, पाच साल काढा. काचवाल्यांसंगं. आमी दोघं रबरवाल्यांकडं व्हतो. कॉर्नरवरनं एक झाला बगा."

मारुतरावांनी रजिस्टर काढलं नाही. "सेहेचाळीसावं मिनिट. तुझा नंबर."

"त्यो माझा न्हवता. याच्या डोक्याला लागून गेला. मी लई उड्या मारल्या, म्हणून रेफ्रीनं माझा नंबर सांगितला."

"मी तवाच म्हनलं व्हतं!" चिमाजी म्हणाला.

"मग वीस वर्सं गप का बसलास?" मारुतरावांनी रणजीतला विचारलं.

"कुनी इचारलं न्हाई." रणजीत बशीतला चहा फुंकत होता. "द्या त्याला. मला काय फरक पडतोय?"

फरक पडत नव्हता, हेच तर होतं. या माणसाला गोलही असा देता येत होता, केळं मोडून अर्धं द्यावं तसा. मारुतरावांच्या एक्केचाळिसांतला एकही असा सुटला नसता. त्यांना ते सेहेचाळीसावं मिनिट चांगलं आठवत होतं. ते टेबलाशी बसलेले होते, चेंडू कुणाच्या डोक्याला लागला हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि रेफ्रीनं नंबर सांगितला तसा खाली मान घालून लिहिला होता.

आता एक मार्ग अगदी सरळ होता. रेफ्रीचा शब्द शेवटचा. हा नियम खरोखरच पहिल्यापासून होता आणि तो त्या तिघांनाही ठाऊक होता. तेवढं म्हटलं की मारुतराव आठवे. पान संध्याकाळी जाणार, पुस्तक छापून येणार, आणि त्यात शेवटच्या ओळीत का होईना, मारुतराव येळवंडे, ४१. आणि सगळ्यात वर एकशे अडतीस, जसेच्या तसे.

त्यांनी यादीच्या पहिल्या ओळीकडे पाहिलं. या आकड्याशी ते सत्तावीस वर्षं राहिले होते. त्या वर्षांत तो वाढताना पाहिला होता, मैदानावर, घरात, आईच्या झाकलेल्या ताटात. तो कमी झाल्याचं कधी पाहिलं नव्हतं.

"दे रं त्ये तिथलं खोडरबर," ते चिमाजीला म्हणाले.

त्यांनी आधी शेवटची ओळ पुसली, तिथं चिमाजीचं नाव लिहिलं, पुढे ४२. हे काम भराभर झालं. मग ते वर गेले. एकशे अडतीसमधला आठ पुसायला त्यांनी वेळ घेतला. कागद फाटू नये म्हणून डाव्या हातानं दाबून धरला, भुगा फुंकरीनं उडवला, आणि रिकाम्या जागेत सात लिहिला. पेन्सिल त्याच्यावरून पुन्हा एकदा फिरवली, ठळक व्हावा म्हणून.